दात येईपर्यंत

माझी उजवीकडची खालची दाढ चिक्कीने मोडली. चिक्की मीच केली होती, त्यामुळे कोणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती. गूळ जरा जास्त कडक झाला, एवढंच. अर्धी दाढ हातात आली आणि उरलेली अर्धी जिभेला टोचत राहिली.

नॉर्वेत सरकार माणसाचं जवळजवळ सगळं बघतं. हृदय बंद पडलं तर हेलिकॉप्टर पाठवतं. दात मात्र ज्याचे त्याने बघायचे. त्रोंडहाइममधल्या दंतवैद्याने खर्चाचा अंदाज सांगितला तेव्हा मी त्याचे आभार मानले, कोट घातला आणि बाहेर पडले. इथली आपली माणसं यावर एकच उपाय करतात, दातांची कामं साठवून ठेवतात. "डिसेंबरात जाईन तेव्हा करून घेईन," असं म्हणत वर्षभर एका बाजूने चावतात. मीही तेच करत आले होते. अमरावतीला राजापेठेत माझा एक वर्गमित्र दवाखाना चालवायचा. त्याच्याकडे एकाच सुट्टीत सगळी कामं उरकायची आणि रात्री आईच्या हातचा मऊ भात खायचा. पण आई गेली, घर विकलं. आता दातासाठी अमरावतीला जायचं तर उतरायचं कुठे? आपल्याच गावात हॉटेलात उतरायचं, ही कल्पना मला दाढेपेक्षा जास्त दुखत होती.

"ग्दान्स्कला जा," सिग्रिड म्हणाली. "आम्ही सगळे तिकडेच जातो."

सिग्रिड आणि मी साल्मन माशांच्या शेतीवर काम करतो. मासे दूर समुद्रातल्या जाळ्यांमध्ये असतात आणि आम्ही किनाऱ्यावरच्या एका खोलीत पडद्यांसमोर बसून त्यांना दाणे सोडतो. तिची पाळी संपली की माझी सुरू होते. आमची गाठ दारात पडते, तिचा एक हात कोटात आणि माझा एक हात कोटाबाहेर. तेवढ्यात जे बोलणं होईल ते. त्या आठवड्यातलं माझं सगळ्यात लांब संभाषण हेच होतं.

ग्दान्स्कचा तो दवाखाना स्वस्त होता आणि त्याचं कारण वेगळं होतं. तिथे दात बसवत नव्हते, पेरत होते.

डॉक्टर अग्न्येश्का म्हणून एक उंच, थकलेल्या डोळ्यांच्या बाई होत्या. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. अक्कलदाढेच्या आतल्या मऊ गरात अशा पेशी असतात, ज्यांनी एकेकाळी दात घडवलेला असतो. प्रयोगशाळेत त्यांना ठरावीक क्रमाने काही द्रव्यं दिली की त्या आपलं जुनं काम पुन्हा करायला लागतात. मसुराच्या दाण्याएवढा एक कोंब तयार होतो. तो हिरडीत खोल ठेवायचा. मग त्याला मूळ फुटतं, माथा धरतो आणि काही महिन्यांत स्वतःचीच नवी दाढ हिरडी फाडून वर येते, लहान बाळाला येते तशी.

"पण पेरलं की उगवतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक गादी असते. तिला ताण बसला, तो ढिलावला, पुन्हा बसला, की तिच्यातल्या पेशींना समजतं, या दाताची वर गरज आहे. ताण बसलाच नाही तर शरीर तो कोंब विरघळवून टाकतं."

"मग मी दिवसभर च्युइंगगम चघळते."

"ते सगळ्यांनी करून पाहिलंय. त्याची लय एकसारखी असते. पेशी तिला सरावतात आणि मग लक्षच देत नाहीत. त्यांना रोज वेगळं काहीतरी लागतं. घास, मध्येच वाक्य, हसणं, थांबणं, पुन्हा घास." त्यांनी माझ्या कागदपत्रांकडे पाहिलं. "तुम्ही एकट्या राहता?"

"हो."

"आमच्या चाचण्यांमध्ये सगळ्यात जास्त दात एकट्या माणसांचे गेले."

हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. मला मात्र कोणीतरी भर रस्त्यात पदर ओढल्यासारखं झालं.

महागड्या दवाखान्यांत म्हणे यासाठी पगारी माणूस ठेवतात, तो रोग्याबरोबर जेवतो आणि गप्पा मारतो. या स्वस्त दवाखान्याने स्वस्त युक्ती काढली होती. एकाच भाषेच्या दोन रोग्यांची जोडी लावायची. दोघांनी रोज संध्याकाळी आपापल्या घरी पडद्यासमोर बसून एकत्र जेवायचं आणि बोलायचं. दातांच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती चिकटवायची, ती जबड्याच्या हाडातली थरथर मोजणार आणि दवाखान्याला कळवणार. दोघांचेही दात आले की जोडी संपली.

माझी शेवटची अक्कलदाढ त्यांनी काढली. बाकीच्या तीन कधीच गेल्या होत्या. म्हणजे माझ्या वाट्याला एकच कोंब होता. तो गेला तर पुन्हा पेरायला बियाणं नव्हतं.

"मराठी बोलणारे एकच गृहस्थ यादीत आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "चालतील?"

"चालतील," मी म्हटलं. चालवून घ्यायची मला सवयच होती.

ते गृहस्थ म्हणजे मुकुंदराव. मूळ रत्नागिरीकडचे, जन्मभर मालवाहू जहाजांवर आचारी होते आणि निवृत्त झाल्यावर रॉटरडॅमला राहिले होते. बायको डच होती, ती वारली. सत्तरीचे असावेत. पहिल्या संध्याकाळी पडद्यावर आधी एक ताट आलं आणि मग त्यामागून त्यांचं तोंड.

"नमस्कार, हर्षदाबाई. काय जेवताय?"

"खिचडी."

"नुसती?"

"नुसती."

"तूप? पापड? लोणच्याची फोड तरी? अहो, नुसती खिचडी आमच्या जहाजावर ताप आलेल्या माणसाला द्यायचे! एकदा काय झालं, मोंबासाच्या बंदरात आमचा कप्तान आजारी पडला..."

आणि सुरू झाले. मोंबासाचा कप्तान, बुसानची कोळंबी, वादळात भिंतीवर जाऊन आदळलेलं पन्नास माणसांचं सांबार. त्यांच्याकडे गोष्टींचा तोटा नव्हता आणि माझ्याकडे वेळेचा. मी जेवत होते आणि हं म्हणत होते. आमच्या घरी ऐकणाऱ्याने हं म्हणायचंच असतं. माझे आजोबा गोष्ट सांगायचे तेव्हा आमचा हं चुकला की ते तिथेच थांबायचे आणि विचारायचे, झोपल्या का पोट्ट्या? त्यामुळे हं म्हणण्यात मी तरबेज. आश्चर्याचा हं वेगळा, काळजीचा वेगळा, मग पुढे काय याचा वेगळा. मुकुंदरावांना असा श्रोता बहुधा जन्मात मिळाला नव्हता.

जेवण झालं की पडद्याच्या कोपऱ्यात एक पान उमटायचं. जबडा पुरेसा चालला तर हिरवं, नाहीतर पिवळं. आम्हा दोघांची पानं रोज हिरवीगार.

स्पष्टच सांगते, मला त्या संध्याकाळचं वेड लागलं. कामावरून येताना मी पावलं उचलून चालायला लागले. ठेवणीतली ताटली काढली. खिचडीवर तूप आलं, मग पापड आला, मग एके दिवशी मी चक्क बेसनाची पातोडी केली आणि ती पडद्यासमोर धरली. कोणीतरी माझी वाट बघत होतं. आई गेल्यापासून तसं कोणी बघितलं नव्हतं. दात येवो न येवो, मला एवढं पुरत होतं.

आणि पहिल्या तपासणीला मी ग्दान्स्कला गेले तेव्हा कळलं, की दात येतच नव्हता.

डॉक्टर अग्न्येश्कांनी दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यात मसूर होता. दुसऱ्यात तो मोहरीकडे निघाला होता.

"मला समजत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची नोंद उत्तम आहे. रोज हिरवं पान. तुम्ही नेमकं काय बोलता?"

मी सांगितलं. ते बोलतात, मी ऐकते.

"ऐकता म्हणजे? आवाज तर तुमचाही आहे."

मग मी त्यांना हं म्हणून दाखवला. आश्चर्याचा, काळजीचा, मग पुढे काय याचा. त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि पोलिश भाषेत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं होतं. ती चकती स्वस्त होती, म्हणून ती जबड्याची हालचाल मोजत नव्हती, हाडातली थरथर मोजत होती. तोंड उघडून बोललेल्या शब्दापेक्षा बंद तोंडाने काढलेला आवाज हाडात जास्त घुमतो. माझा हं चकतीला भाषणासारखा ऐकू जात होता. जबडा मात्र जागचा हलत नव्हता. हलत होता तो घासापुरता, आणि घास मऊ भाताचे.

"आमच्याकडे ऐकणारा माणूस गप्प बसतो," त्या म्हणाल्या. "आम्हाला हे सुचलंच नाही. चूक आमची आहे. पण कोंब तुमचा आहे." त्यांनी चकती बदलली, हालचाल मोजणारी आणि दात वर आला की तेही कळवणारी महागडी लावली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. "पुढच्या तपासणीपर्यंत वेळ आहे. हवी तर जोडी बदलून देते. मराठी नाही, पण इंग्रजी बोलणारी एक बाई आहे, फार बोलत नाही. तुम्हाला बोलावंच लागेल."

"नको," मी म्हटलं. "मी यांच्याशीच बोलते."

बोलणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी मुकुंदरावांसमोर बसून बघावं. दुसऱ्याच दिवशी मी तयारीने बसले. "आज आमच्या इथं बर्फ पडून राहिला," मी सुरुवात केली. "बर्फ!" ते म्हणाले. "अहो, मुर्मान्स्कला काय झालं..." की गेले मुर्मान्स्कला. मी विमानातल्या शेजारणीचं सांगायला घेतलं तर त्यांना विमानात हरवलेला मसाल्याचा डबा आठवला. आणि माझी खोड अशी, की त्यांनी गोष्ट सुरू केली रे केली, माझ्या तोंडून आपोआप हं निघायचा. त्या आठवड्यात माझं पान रोज पिवळं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि पुढचं बंदर काढलं.

शेवटी एकदा त्यांची गोष्ट वालपाराइसोच्या धक्क्यावर असताना मी चमचा खाली ठेवला.

"मुकुंदराव, जरा चूप बसा नं."

ते थांबले. घास हातातच राहिला. "माझं काही चुकलं का?"

"माझा दात विरघळून राहिला आतल्या आत." आणि मी सगळं सांगितलं, मोहरी, चकती आणि बंद तोंडाचा आवाज.

"म्हणजे मी बोललो म्हणून?"

"तुम्ही बोलले म्हणून नाही. मी तोंड उघडलं नाही म्हणून."

"मग थांबवायचंत मला!"

"मले ऐकणं आवडून राहिलं होतं. मंग काहून थांबवू?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी तोंड उघडलं, बोटाने गाल बाजूला ओढला आणि कॅमेऱ्याजवळ आले. मागे एक पांढरीशुभ्र दाढ होती. त्यांच्या बाकीच्या तंबाखूने रंगलेल्या दातांमध्ये ती पाहुण्यासारखी दिसत होती.

"केव्हाची आलीय," ते म्हणाले. "दोघांचे आल्याशिवाय जोडी मोडत नाही, म्हणून रोज येऊन बसतो. तुमचा दात येऊ नये असं मला वाटत नव्हतं हो. पण येत नव्हता याचं वाईटही वाटत नव्हतं. खरं तेच सांगतो."

मला राग आला. माझा कोंब झिजत होता आणि हा गृहस्थ पिकलेल्या दाढेने आरामात जेवत होता! आणि त्या रागाच्या तळाशी, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. दातासाठी म्हणून नाही, नुसतं माझ्यासाठी कोणी रोज ताट वाढून बसलं होतं.

"म्हणजे माझी दाढ आली की आपलं संपलं," मी म्हटलं.

"संपलं."

"अन् नाही आली तर?"

"तर डॉक्टरीणबाई कोंब काढून टाकतील. तेव्हाही संपलंच." त्यांनी हात धुतला, पुसला आणि टेबलावर ठेवला. "तेव्हा बोला, हर्षदाबाई. निदान दाढ तरी पदरात पाडून घ्या."

मी तोंड उघडलं. आणि माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं.

"आज मी कामावर गेली," मी म्हटलं.

"बरं."

"मंग घरी आली."

"मध्ये काय झालं?"

"मध्ये मासे होते."

ते हसले नाहीत. मला मात्र रडू आलं आणि मी ते भातावर लोटलं, फार गरम आहे म्हटलं. इतकी वर्षं मला मध्ये काय झालं हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही ते बघायचं सोडून दिलं होतं. दिवस जात होते आणि मध्ये मासे होते.

पण तो माणूस आचारी होता. कशाला किती वेळ आच द्यायची हे त्यांना कळत होतं. मासे काय खातात, त्यांनी विचारलं. दाण्यांत काय असतं? सोयाबीन? माशाला सोयाबीन? मग त्याला माशाची चव कशी लागेल? मी म्हटलं, लोक म्हणतात, चांगली लागते. ते म्हणाले, साल्मनला चव नसते, रंग असतो. आता मी काही मासे खाणारी नाही, पण मी ज्यांना सकाळ-संध्याकाळ दाणे घालते त्यांना कोणी बेचव म्हटलेलं मला खपेना. मी भांडले. तोंडात घास घेऊन भांडले, घास गिळून पुन्हा भांडले. दुसऱ्या दिवशी जबडा दुखत होता आणि पान हिरवं होतं.

त्यानंतर मी बोलत गेले. सगळ्या गोष्टी मजेच्या नव्हत्या. नॉर्वेत नवीन असताना गणपतीला मराठी मंडळात गेले होते. तिथे प्रत्येकीने मिस्टर काय करतात हे विचारलं आणि मिस्टर नाहीत म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणालाच सुचला नाही, म्हणून पुन्हा गेले नाही, हे सांगितलं. घर विकलं त्या दिवशी नव्या मालकाने मला बाहेरच्या खोलीत बसवून चहा दिला आणि मी परक्यासारखी बशी धरून बसले, हे सांगितलं. आई गेल्यावर जगात मला 'अगं' म्हणणारं कोणी उरलं नाही, हेही सांगितलं. सगळे मॅडम म्हणतात नाहीतर नावाने हाक मारतात, आणि कधीकधी मला वाटतं की ती हर्षदा कोणी दुसरीच बाई आहे. मुकुंदराव ऐकत होते. त्यांना ऐकणं जमत नव्हतं. मध्येच एखादं बंदर त्यांच्या ओठांवर यायचं, ते दिसायचं मला, आणि ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकायचे.

दुसऱ्या तपासणीत मोहरीचा पुन्हा मसूर झाला होता, मसुराचा वाटाणा. डॉक्टर अग्न्येश्कांनी माझा हात दाबला. परतीच्या विमानात मी खुश असायला हवं होतं.

मार्च उजाडला, बर्फ मऊ पडला. एका संध्याकाळी मी सिग्रिडच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होते आणि सांगता सांगता जीभ मागे गेली. तिथे टोक होतं. धारदार, इवलंसं. मी थांबले.

मुकुंदरावांना लगेच कळलं. त्यांची जीभही कधीतरी तशीच मागे गेली असणार.

"आली?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण चकती माझ्या मनावर चालत नव्हती.

"आली," मी म्हटलं.

"छान झालं," ते म्हणाले. "फार छान झालं." आणि उठून स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा त्यांनी एका कागदावर स्वतःचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून आणला होता. तो त्यांनी पडद्यासमोर धरला, मी उतरवून घेतला, माझा त्यांना दिला. कुत्र्याची गोष्ट मी पूर्ण केली नाही आणि त्यांनी विचारली नाही. दोन दिवसांनी दवाखान्याचा निरोप आला. उपचार यशस्वी, जोडी बंद, अभिनंदन.

नंबर होता, फोन होता, अडवणारं कोणी नव्हतं. पण दात यायचा होता तोवर बोलायला कारण होतं. आता एका परक्या गृहस्थांना रोज फोन करायचा तो कशासाठी? लोक काय म्हणतील, हा प्रश्नही मला पडला, आणि मग हसू आलं, कारण लोक नव्हतेच. काही म्हणायला तरी लोक लागतात. त्यांचाही फोन आला नाही. मी म्हटलं, त्यांना दुसरा श्रोता मिळाला असेल. मी म्हटलं, त्यांनी माझ्या रडगाण्यांतून सुटका झाली म्हणून देवापुढे साखर ठेवली असेल. ठेवणीतली ताटली पुन्हा कपाटात गेली. खिचडी पुन्हा नुसती झाली. दाढ पूर्ण वर आली, सुंदर, दणकट, कशालाही न भिणारी. मी आक्रोड फोडून पाहिले. तो आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला, आणि मी आक्रोडांचा डबा बंद करून ठेवला.

जीभ मात्र दिवसातून कितीदा तरी तिथे जायची. आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, ही दाढ माझ्या एकटीची नाही. ही त्या माणसाने गिळलेल्या बंदरांवर वाढली आहे.

एका शनिवारी सकाळी, चहा होण्याआधी, मी फोन हातात घेतला. कारण शोधायचा प्रयत्न केला. पातोडीची कृती विचारावी, तर ती मलाच जास्त येते. तब्येत विचारावी, तर ते औपचारिक. काहीच सापडलं नाही. मी नंबर दाबला.

फोन लगेच उचलला गेला. मी म्हटलं, "मुकुंदराव, मी हर्षदा. काही काम नव्हतं. उगाच केला."

त्या बाजूला भांड्याचा आवाज झाला, गॅस बंद केल्याचा झाला, खुर्ची ओढल्याचा झाला. मग मला कळलं, की जन्मभर न थांबता बोलत आलेला तो माणूस खुर्चीत बसला होता आणि मी बोलायची वाट बघत होता.

"बर्फ वितळला इथं," मी म्हणाले, आणि बोलत सुटले.